पार्किन्सन्स आहे, प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवी धरवत नाही. सल्ला हवाय

मृण्मयी_सातारा
बाबा ७४ चे, पार्किन्सन्स बरीच वर्षं आहे, सिंडोपा (पार्किन्सन्सची गोळी) चालू. लघवी अडायची म्हणून उन्हाळ्यात दुर्बिणीतून प्रोस्टेटचं ऑपरेशन (टीयूआरपी) केलं. धार आता चांगली आहे पण लघवी धरवतच नाही, लागली म्हणून उठतात आणि बाथरूमच्या उंबऱ्याशी पाय जागीच अडकतात, तिथेच पायजमा ओला. रात्री सारखं उठणं, आईच्या झोपेचं खोबरं झालंय. बाबा तर बाहेर पडायचेच बंद झालेत, चुलतभावाच्या साखरपुड्यालाही आले नाहीत. सर्जन म्हणतात होईल हळूहळू कमी. कोणाच्या घरी असं झालंय का? गोळ्या, डायपर, काय असेल ते सांगा प्लीज, ऑपरेशन करून चूक केली का असं वाटायला लागलंय.

वडगावकर
ताई, माझे सासरे याच्यातूनच गेलेत. आधी हे बघा की गळतं नक्की कधी. खोकला, शिंक, उठताना जोर पडला की गळतं, का जोरात लागली की धरवत नाही? तुमच्या लिहिण्यावरून दुसरं वाटतंय. पार्किन्सन्समध्ये मेंदूचा ब्लॅडरवरचा (लघवीच्या पिशवीवरचा) ताबा सुटतो, थोडी लघवी साठली तरी ते आकसतं. प्रोस्टेटचा अडथळा होता तोवर हे झाकलेलं राहू शकतं, अडथळा गेला की उघडं पडतं. जोर पडला की गळत असेल तर मात्र झडपेचा स्नायू दुखावलेला असू शकतो, त्याचे उपाय वेगळे. म्हणून नुसतं थांबू नका. आधी लघवीची तपासणी आणि कल्चर (इन्फेक्शनने पार्किन्सन्सही एकदम वाढल्यासारखा दिसतो), मग सोनोग्राफीत लघवी करून झाल्यावर मागे किती उरते ते, आणि तरी कळलं नाही तर युरोडायनामिक टेस्टबद्दल (ब्लॅडर भरताना आणि रिकामं होताना आतला दाब मोजतात ती) विचारा.

आणि चूक केली वगैरे मनातून काढा. १९८८ च्या एका अभ्यासामुळे पार्किन्सन्सवाल्यांना हे ऑपरेशन करूच नये असं बरेच डॉक्टर म्हणायचे, पण त्यातल्या काही पेशंटना एमएसए हा पार्किन्सन्ससारखाच दिसणारा वेगळा आजार असावा असं नंतर लक्षात आलं. २००९ ला स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी २३ पेशंटचा अनुभव मांडला, त्यात ऑपरेशनमुळे नव्याने गळती एकालाही लागली नव्हती. फक्त बाबांचं उभं राहिल्यावर बीपी फार पडत असेल, किंवा लघवीचा त्रास आजाराच्या अगदी सुरुवातीपासून असेल, तर तो एमएसए तर नाही ना हे बघायला न्यूरॉलॉजिस्टना ते आवर्जून सांगा.

आरोही_फिजिओ
गोळीबद्दल, ब्लॅडरचं आकसणं कमी करायला ऑक्सिब्युटिनिन दिली तर न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय सुरू करू नका, या वयात आणि पार्किन्सन्समध्ये त्याने गोंधळल्यासारखं होतं, भास होतात, बद्धकोष्ठ वाढतं. त्याच कामाच्या मिराबेग्रॉन या दुसऱ्या गोळीला हा त्रास कमी, पण बीपी बघावं लागतं. गोळीने भागलं नाही तर ब्लॅडरमध्ये बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, त्यात लघवी अडून काही काळ नळी लागू शकते हे आधी विचारून घ्या.

घरी, लागायची वाट न बघता दर दोन तासांनी नेऊन बसवा. उंबऱ्याआधी जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारा, एकेका रेघेवर पाऊल टाकायला सांगा, पाय सुटतो. पलंगाशी युरिन पॉट हवाच, रात्री पडून खुब्याचं हाड मोडलं तर सगळंच अवघड होऊन बसेल. पाणी दिवसभर नीट द्या, संध्याकाळी सातनंतर कमी, चहा सकाळपुरता. पोट साफ राहू द्या, बद्धकोष्ठाने ब्लॅडरवर दाब येतो.

मृण्मयी_सातारा
खूप खूप आभार दोघांचे. खोकताना नाही गळत, घाईचंच आहे. बाहेर न्यायचं असेल तर काय करू? डायपर म्हटलं की चिडतात.

वडगावकर
आमच्याकडेही तेच. कंडोम कॅथेटर (कंडोमसारखं बाहेरून चढवायचं, पुढे नळी असलेलं आवरण) लावा, नळी मांडीला बांधायच्या छोट्या बॅगेत, वरून सैल लेंगा, कोणाला कळत नाही. माप नीट घ्या, रोज काढून धुऊन कातडी कोरडी करा, लाल दिसली तर एक दिवस सुट्टी. मागे लघवी उरत नाही ना हे आधी बघा, उरत असेल तर याने भागणार नाही. आणि पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, आईंना त्यांच्याशी जरूर बोलायला लावा, तिथे घरी हेच करणाऱ्या बायका भेटतील.