गिऱ्हाइकाच्या कुकीज जाव्यात पण माझं लॉगिन राहावं, दुकानातल्या पीसीवर हे कसं जमवायचं?

खानापूर_झेरॉक्स:
नमस्कार मंडळी. खानापुरात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे, दोन पीसी आहेत. एकावर मी असतो आणि दुसऱ्यावर गिऱ्हाईक बसतंय किंवा मीच त्यांचं काम करून देतो, उतारा, जातीचा दाखला, रेशन कार्ड, पोरांच्या स्कॉलरशिपचे अर्ज असलं सगळं. गेल्या आठवड्यात एक पोरगी अर्ज भरून गेली, तिच्या मागनं दुसरी बसली, तिनं तीच साइट उघडली तर आधीच्या पोरीचं लॉगिन तसंच चालू. नाव, वडिलांचं उत्पन्न, बँक खात्याचा नंबर, सगळं समोर. दुसरी पोरगी चांगली होती, तिनं लगेच मला हाक मारली म्हणून बरं. पण माझ्या पोटात गोळा आला. विश्वासानं येतात ओ लोक.

अजून एक. एक मावशी येऊन आजाराबद्दल काहीतरी शोधून गेल्या, तर दुसऱ्या दिवशी त्या पीसीवर बातम्यांची साइट उघडली तरी त्याच आजाराच्या जाहिराती. शेजारी त्यांच्या गल्लीतलेच गिऱ्हाईक उभे होते.

मग मी दोन्ही पीसीवर ब्राउझर बंद केला की सगळं पुसून टाकायचं सेटिंग लावलं. आता उलटा त्रास सुरू झालाय. रोज सकाळी मेलला नव्यानं लॉगिन, बिलिंगच्या साइटला लॉगिन, आणि त्याचा ओटीपी बाबांच्या नंबरवर जातो, बाबा सकाळी जांबोटीकडं शेतात, तिथं रेंज नाही. दुकान उघडून तासभर तसंच बसायचं. सरकारी साइट पण रोज कन्नडमध्ये उघडायलीय, आधी एकदा इंग्रजी केली की तशीच राहायची. म्हणजे गिऱ्हाइकाचं जावं आणि माझं राहावं असं काही करता येतंय का? क्रोम वापरतो, दुसरं शिकायची तयारी आहे.

शहापूरकर:
येतंय की. पण आधी कुकी म्हणजे काय ते डोक्यात बसलं तर पुढचं सोपं जाईल म्हणून जरा लांबण लावतो. सौंदत्तीला डोंगरावर जत्रेला गेल्यावर चपला ठेवल्या की बिल्ला देतात बघा, कुकी म्हणजे तो बिल्ला. वेबसाइटला मुळात कोण आलं होतं ते लक्षात राहत नाही, प्रत्येक क्लिक तिच्यासाठी नवा माणूस. १९९४ मध्ये नेटस्केप या त्या काळच्या ब्राउझर कंपनीतल्या लू मोंटुली यांनी यावर कुकी काढली, म्हणजे साइट तुमच्या ब्राउझरला एक बिल्ला देते आणि पुढच्या वेळी ब्राउझर तो दाखवतो, मग साइट म्हणते हां, हे ते खानापूरचे. तुमचं लॉगिन हा एक बिल्ला, इंग्रजी निवडली ती आठवण सहसा दुसरा बिल्ला. तुम्ही रोज रात्री सगळे बिल्ले फेकून देताय म्हणून सकाळी पहिल्यापासून सुरुवात.

जाहिरातींचं प्रकरण वेगळं. तुम्ही बातम्यांची साइट उघडता तेव्हा त्या पानावर जाहिरात कंपनीचा पण एक तुकडा असतो आणि ती कंपनी आपला बिल्ला ठेवून जाते. तीच कंपनी दुसऱ्या हजार साइटवर बसलेली. खडे बाजारातल्या प्रत्येक दुकानात एकच माणूस वही घेऊन उभा असल्यासारखं, तुम्ही कुठं काय विचारलं ते लिहून घेतोय. याला थर्ड पार्टी कुकी म्हणतात. ही बंद केली तरी तुमचं मेलचं किंवा बिलिंगचं लॉगिन सहसा जात नाही, कारण ते त्या त्या साइटच्या स्वतःच्या कुकीवर चालतं. तेव्हा पहिलं काम हे. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, थर्ड पार्टी कुकीज, तिथं ब्लॉक करा. क्रोममध्ये हे साध्या विंडोत आपोआप बंद नसतं, आपणच करावं लागतं. ॲपलच्या सफारी ब्राउझरनं मार्च २०२० पासून पूर्ण बंद केलं, फायरफॉक्सनं जून २०२२ मध्ये सगळ्यांसाठी प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात ठेवायला सुरुवात केली म्हणजे एका साइटवरचा बिल्ला दुसरीकडं चालतच नाही. गूगलनं जानेवारी २०२० मध्ये दोन वर्षांत काढतो म्हणून सांगितलं होतं, मग पुढं ढकलत ढकलत एप्रिल २०२५ मध्ये आहे तसंच ठेवणार म्हणाले.

एखादी साइट त्यानं अडली, म्हणजे पेमेंटचं पान फिरत बसलं वगैरे, तर तेवढ्या साइटपुरती सूट द्या, सगळं परत उघडू नका.

निपाणी_सपोर्ट:
वरच्यांनी छान सांगितलंय, मी फक्त सेटिंग सांगतो.

तुमच्या स्वतःच्या पीसीवर फायरफॉक्स घ्या असं माझं मत. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, खाली कुकीज अँड साइट डेटा. तिथं फायरफॉक्स बंद झाल्यावर कुकीज पुसा अशी टिक आहे ती लावा आणि तिथंच मॅनेज एक्सेप्शन्स उघडा. ज्या साइटला राहू द्यायचं तिचा पत्ता टाकून अलाउ करा, आणि शेवटी सेव्ह चेंजेस दाबायचं विसरू नका, निम्मे लोक इथंच चुकतात. पत्ता सुरुवातीच्या https:// सकट टाका. मेलसाठी नुसता मेलचा पत्ता पुरत नाही, जिथं पासवर्ड मागतात तो अकाउंट्सवाला पत्ता वेगळा असतो, तो पण घाला, नाहीतर सगळं केलं तरी लॉगिन जातंय म्हणून परत इथं विचारायला याल. सरकारी साइटची भाषा राहायला हवी तर ती पण घाला, पण फक्त तुमच्या पीसीवर, गिऱ्हाइकाच्या नाही. बँक मात्र या यादीत कधीच घालू नका.

क्रोममध्येच राहायचं असेल तर साइट सेटिंग्जमध्ये ऑन डिव्हाइस साइट डेटा म्हणून आहे, तिथं सगळ्या विंडो बंद केल्यावर पुसायचं निवडा आणि खाली सूट द्यायच्या साइट वेगळ्या घाला. व्हर्जनप्रमाणं नावं थोडी इकडं तिकडं होतात.

अजून एक बघून घ्या, सेटिंग्जमध्ये ऑन स्टार्टअप खाली कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ चालू आहे का. ते असलं की ब्राउझर बंद केल्यावर जायला पाहिजेत त्या तात्पुरत्या कुकीज पण परत येतात. तुमच्याकडं त्या पोरीचं लॉगिन राहिलं ते यामुळं पण असू शकतंय.

टिळकवाडीची_ताई:
दादा, सेटिंग सगळं ठीक आहे पण गिऱ्हाइकाच्या पीसीवर यादी आणि सूट हे करतच बसू नका. तिथं कुणाचंच काही राहू नये एवढंच पाहिजे ना? मग क्रोममध्ये वर कोपऱ्यात प्रोफाइलचं चित्र असतं तिथनं गेस्ट विंडो उघडून द्या. ती बंद केली की त्यातलं लॉगिन, हिस्ट्री, कुकीज सगळं जातं.

कॉलेजच्या लायब्ररीत आम्ही आधी इनकॉग्निटो, म्हणजे क्रोमची खाजगी विंडो, वापरायचो आणि त्यात एक गोष्ट फार उशिरा कळली, ती सगळ्यांना सांगते. इनकॉग्निटोच्या जेवढ्या विंडो एका वेळी उघड्या असतात त्या सगळ्यांच्या कुकीज एकच असतात. म्हणजे एका मुलानं काम करून विंडो खाली मिनिमाइज करून ठेवली आणि दुसऱ्यानं नवीन इनकॉग्निटो उघडली तर पहिल्याचं लॉगिन तिथं जसंच्या तसं. शेवटची विंडो बंद होईपर्यंत काहीच पुसलं जात नाही. गेस्टचं पण तसंच समजा. म्हणून एक गिऱ्हाईक उठलं की त्या सगळ्या विंडो बंद, मग दुसऱ्यासाठी नवी. हे हातानंच करावं लागतं, याला सेटिंग नाही.

आणि कुकीज गेल्या तरी डाउनलोड फोल्डर जात नाही! आधार कार्डाच्या पीडीएफ, मार्कशीट, पासबुकाचे फोटो तिथं तसेच पडलेले असतात. माझ्या मते त्या पोरीच्या लॉगिनपेक्षा तुमच्या डाउनलोडमध्ये जास्त काही पडलं असेल. आज दुकान बंद करायच्या आधी एकदा उघडून बघा आणि रिसायकल बिन पण रिकामी करा.

खानापूर_झेरॉक्स:
ताई, आत्ता बघितलं. चारशेच्या वर फाइल होत्या, त्यात निम्म्या आधार. सगळ्या काढल्या. मला खरंच सुचलं नव्हतं.

फायरफॉक्स टाकलं, मेल आणि बिलिंग सूट यादीत घातले, दोनदा बंद करून उघडलं, लॉगिन राहिलंय. निपाणीच्या सरांनी सांगितलेलं अकाउंट्सचं पहिल्यांदा राहूनच गेलं होतं.

दोन शंका. एक, दिवसातनं दहा वीस जण प्रिंटसाठी व्हॉट्सॲप वेब उघडतात, त्याचं पण कुकीसारखंच आहे का? दुसरी, त्या आधीच्या पोरीचं लॉगिन मी पुसलंय, म्हणजे आता तिला काही धोका नाही ना?

शहापूरकर:
दुसऱ्याचं आधी सांगतो कारण ते महत्त्वाचं. कुकी पुसणं आणि लॉगआउट करणं हे एक नव्हे. तुम्ही बिल्ला फेकून दिला, पण चपला अजून स्टँडवर तिथंच आहेत. साइटच्या बाजूला ते लॉगिन त्याची मुदत संपेपर्यंत चालूच धरलेलं असतं. तुमच्या पीसीवर बिल्ला उरला नाही म्हणून तुमच्याकडनं कोणी आत जाणार नाही, पण तो बिल्ला आधीच कोणी कॉपी केला असेल तर त्याला चालतंय. लॉगआउट दाबलं की चांगली साइट स्टँडवरनंच नंबर काढून टाकते. म्हणून गिऱ्हाइकाला उठायच्या आधी लॉगआउट दाबायला सांगा, मग विंडो बंद. त्या पोरीला फोन करून सांगा की पासवर्ड बदल, आणि सगळ्या डिव्हाइसवरनं लॉगआउट असा पर्याय असेल तर तो पण दाब.

बिल्ला कॉपी होतो कसा, तर बहुतेक वेळा क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधनं. फोटोशॉपची किंवा फाँटची फुकटची कॉपी टाकली की त्याच्याबरोबर कुकी चोरणारं काहीतरी येऊ शकतं, ते ब्राउझरच्या सगळ्या कुकीज उचलून पाठवतंय. मग चोराला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपी पण येत नाही, कारण साइटला वाटतं हे तर आधीच आत आलेले. ओटीपी आहे म्हणून निवांत राहू नका. दुकानदारांनो, पासपोर्ट फोटो करायला असली कॉपी ज्या पीसीवर टाकलीय त्यावर दुकानाचं मेल उघडं ठेवू नका, हात जोडून सांगतोय.

टिळकवाडीची_ताई:
व्हॉट्सॲप वेबचं लॉगिन नुसत्या कुकीत नसतं, ब्राउझरमध्ये साइट डेटा म्हणून वेगळं साठवलेलं असतं. गेस्ट विंडो बंद केली की ते पण जातं. पण माणसाच्या फोनमध्ये लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये तुमच्या पीसीचं नाव राहू शकतं, ते तिथनं काढायला सांगा. फोन सोडून आणखी चार डिव्हाइस एका वेळी जोडता येतात, आणि साध्या विंडोत उघडून तसंच सोडलं तर लॉगिन आपोआप लगेच जात नाही. फोन १४ दिवस वापरलाच नाही तर जातं, पण फोन कोण १४ दिवस ठेवतोय.

त्यापेक्षा दुकानाचा एक मेल आयडी भिंतीवर लावा, लोक फाइल त्यावर पाठवतील, तुम्ही प्रिंट काढा आणि मेल डिलीट करा. त्यांचं व्हॉट्सॲप उघडायलाच नको.

चिकोडी_०७:
माझं साधं आहे. दोन ब्राउझर. एकात मेल, बिलिंग, रोजचं लॉगिन, त्यात कधी काही शोधत नाही. दुसऱ्यात सगळं शोधायचं आणि तो बंद केला की पुसला जातो, त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन टाकलंय. गूगलला लॉगिन ठेवून तिथंच शोधत बसलात तर कुकीज कितीही अडवा, तुम्ही कोण आहात ते त्यांना कळतंच.

आणि ती कुकीजची पट्टी येते ना, त्यात घाईनं ॲक्सेप्ट ऑल दाबू नका, रिजेक्ट शोधा, बऱ्याच वेळा आत दडवलेला असतो. नाकारणं हे स्वीकारण्याइतकं सोपं ठेवलं नाही म्हणून फ्रान्समध्ये जानेवारी २०२२ ला गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड झाल्याचं जाहीर झालं होतं. रिजेक्ट दाबलं तरी लॉगिनला लागणाऱ्या कुकीज राहतात, तुमचं काही अडत नाही.

खानापूर_झेरॉक्स:
सगळ्यांचे मनापासून आभार. त्या पोरीच्या घरी फोन केला, तिच्या भावानं उचलला, पासवर्ड बदलून घेतला. मावशी परत आल्या की त्यांना पण मी स्वतः सांगणार आहे काय झालं होतं ते.

आता असं केलंय. माझ्या पीसीवर फायरफॉक्स सूट यादीसकट. गिऱ्हाइकाच्या पीसीवर विंडोजमध्ये वेगळा युजर काढला, त्यात माझं काहीच नाही, डेस्कटॉपवर फक्त क्रोम, आणि पोराला शिकवलंय की गेस्टच उघडायचं. स्क्रीनच्या वर मराठी आणि कन्नड दोन्हीत चिठ्ठी लावलीय, उठायच्या आधी लॉगआउट करा म्हणून. डाउनलोड फोल्डर दुपारी एकदा आणि रात्री एकदा. मेल आयडीचा बोर्ड उद्या छापतो.

बिलिंगचा ओटीपी पण बाबांच्या नंबरवरनं माझ्या नंबरवर करायला दिलाय, चार दिवस लागतील म्हणाले. तोपर्यंत लॉगिन टिकलं तर बास.