बॉड : वेग, दर, ठेका, की जसाच्या तसा?

आर्वीहून

आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. मुलं बहुतेक आसपासच्या खेड्यांतली, मराठी शाळेत शिकून आलेली. मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे एका चिपमधल्या छोट्या कॉम्प्युटरचा, सिरियल पोर्ट (एका तारेवरून एकामागून एक बिट, म्हणजे ० किंवा १, पाठवण्याची सोय) शिकवायला घेतला की 'बॉड' या शब्दापाशी गाडं अडतं. जुन्या नोट्समध्ये 'बॉड रेट म्हणजे माहिती पाठवण्याचा वेग' असं असतं आणि मुलं तेच पाठ करून येतात. मग ९६०० बॉडने सेकंदाला किती अक्षरं जातील असं विचारलं, की अर्धा वर्ग ९६०० ला ८ ने भागून १२०० लिहितो. बरोबर उत्तर ९६०. अक्षराच्या आठ बिटांच्या आधी सुरुवात सांगणारा एक स्टार्ट बिट, शेवटी एक स्टॉप बिट, म्हणजे एका अक्षरामागे तारेवर दहा बिटांचा वेळ जातो. 'वेग' शब्दाने ही गोष्ट झाकली जाते असं मला वाटतं. वर्गात म्हणता येईल असा मराठी शब्द कोणता?

पुसदहून

मॅडम, हा शब्द मुळात माणसाच्या नावावरून आला आहे. एमिल बोदो हे फ्रान्सच्या तारखात्यातले अभियंते. १८७४ साली त्यांनी पाच-पाच खुणांच्या संचाने अक्षरं पाठवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्यांच्या नावाचं एकक झालं. व्होल्ट, वॅट, ओहम यांना आपण मराठी शब्द शोधत नाही, मग बॉडलाच का? उच्चाराचं म्हणाल तर फ्रेंचमध्ये शेवटचा 'ड' ऐकूच येत नाही, पण तो हट्ट इथे कुणी धरू नये. दुकानात 'बॉड'च म्हणतात.

अर्थाबद्दल मात्र तुमची तक्रार रास्त आहे. तारेवरची अवस्था सेकंदाला जास्तीत जास्त किती वेळा बदलू शकते ते बॉड. मायक्रोकंट्रोलरच्या साध्या पोर्टवर एका अवस्थेत एकच बिट मावतो, म्हणून बॉड आणि सेकंदाचे बिट हे आकडे सारखे येतात आणि लोक दोन्ही एकच समजतात. टेलिफोनच्या जुन्या मॉडेमात ते वेगळे असत. व्ही.३२ प्रकारचा मॉडेम २४०० बॉडवर सेकंदाला ९६०० बिट पाठवायचा. म्हणून 'वेग' नको. 'दर' चालेल, पण 'बॉड दर' असं जोडून.

दर्यापूरहून

मॅडम, मी तं काट्यावाला माणूस. जिनिंगमधले वजनकाटे अन् त्याच्या मागचं कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तुम्ही लोक शब्द शोधून राहिले, पण आमच्याकडे गिऱ्हाईक फोनवर एकच सांगते, 'भाऊ, काट्यावर बरोबर अन् स्क्रीनवर कचरा'. त्याले आम्ही म्हणतो बॉड जुळून नाही राहिला. शब्द जुना झाला, लोकाईले समजते. बदलायचा कायले?

वरुडहून

जुळणं हाच मुद्दा आहे. 'वेग' म्हटलं की मुलाला वाटतं, जास्त ठेवला की चांगलं. इथे दोन्ही टोकांचा सारखा असला पाहिजे, कारण टीएक्स (पाठवायची) आणि आरएक्स (घ्यायची) या तारांसोबत घड्याळाची तिसरी तार नसते. म्हणून मी 'ठेका' सुचवतो. दोघांनी आधीच ठरवलेला ठेका आणि स्टार्ट बिट म्हणजे सम. दर अक्षराला सम नव्याने पकडायची, तिथून मोजत प्रत्येक बिटाच्या मधोमध तार वर आहे की खाली ते पाहायचं. दहा मात्रा झाल्या की पुन्हा समेची वाट.

यातून चूक किती चालते तेही सांगता येतं. स्टॉप बिट मोजला जातो तो समेपासून साडेनऊ बिटांवर. तोवर दोघांत अर्ध्या बिटाचा फरक पडला तर गेलं. म्हणजे दोन्ही टोकांची मिळून कशीबशी पाच टक्के चूक चालते. आम्ही प्रत्येक टोकाची दोनच्या आत ठेवतो.

संत्र्याच्या बागेत ठिबकचे व्हॉल्व्ह चालवणारी पेटी बनवतो, तिच्यातला अनुभव सांगतो. एटीमेगा३२८ हा मायक्रोकंट्रोलर, त्याला घड्याळाचे ठोके देणारा १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. ९६०० मागितले की बॉड ठरवणाऱ्या यूबीआरआर रजिस्टरमध्ये (चिपमधल्या आकडा ठेवायच्या जागेत) १०३ जातात आणि प्रत्यक्षात ९६१५ मिळतात. फरक ०.१६ टक्के, काही बिघडत नाही. त्याच चिपकडे साध्या पद्धतीने १,१५,२०० मागा, तर मिळतात १,११,१११, साडेतीन टक्के कमी. टेबलावर चालेल, बागेत दुपारच्या उन्हात कधी अडेल ते सांगता येत नाही.

दर्यापूरहून

ठेका नका म्हणू बाप्पा. आमच्याकडे ठेका म्हणजे कंत्राट. पोरगं म्हणन, ९६०० चा ठेका कोणाले सुटला?

पुसदहून

आणि 'लय' म्हणावं तर 'लय म्हणजे किती?' असं विचारतील. दोन्ही शब्द गेले.

आर्वीहून

हसले, पण समेची गोष्ट मी उचलणार. शब्द म्हणून नाही, समजावून सांगायला. ८०५१ या मायक्रोकंट्रोलरला ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल का लावायचा, सरळ १२ चा का नाही, हा प्रश्न दर वर्षी येतो, त्याचं उत्तर आता एका फळ्यात बसेल. ११.०५९२ ला १२ ने भागलं की सेकंदाला ९,२१,६०० टिचक्या. टायमर २५३ पासून मोजू लागतो, तीन टिचक्यांत २५६ ला भरतो. ३ ने भागा, मग ३२ ने भागा, बरोबर ९६००, शेष शून्य. १२ मेगाहर्ट्झने हेच केलं तर १०,४१७ च्या आसपास येतं. साडेआठ टक्के जास्त, म्हणजे स्टॉप बिट येईपर्यंत सगळं घसरलेलं.

आता पुढचा शब्द. 'पॅरिटी'ला एका पुस्तकात 'समता' दिसलं. मला ते भाषणातलं वाटतं.

पुसदहून

'सम-विषम तपासणी' म्हणा. सातव्या बिटानंतर एक जादा बिट घालायचा, एकूण १ ची संख्या सम व्हावी म्हणून. मुलांना सम आणि विषम आकडे तिसरीपासून माहीत असतात.

दर्यापूरहून

यावर माझ्याकडे पक्का दाखला आहे, मॅडम, वर्गात सांगा. एका जिनिंगमधून फोन आला, म्हणे काही ट्रॅक्टरचं वजन कॉम्प्युटर घेते अन् काहीचं घेत नाही. मालकाले वाटलं ड्रायव्हर लोक काही करून राहिले. जाऊन पाहिलं तं ३९५० किलोची ट्रॉली एकदम साफ आली. तिच्यामागची ४१२० ची होती, तिथं ४, १ अन् २ च्या जागी भलतीच चिन्हं अन् शेवटचा शून्य तेवढा जागेवर.

तिथंच कळलं. काटा सात बिट अन् सम पॅरिटीवर होता, कॉम्प्युटर आठ बिट अन् पॅरिटी नाही यावर. दोन्हीकडे मिळून दहाच बिट होते, म्हणून अक्षर घसरत नाही, बॉडही बरोबर. पण पॅरिटीचा बिट कॉम्प्युटर आठवा बिट समजून घेते. ३ चा संकेत ०११००११, त्यात एक चार वेळा, सम झाले, जादा बिट शून्य, ३ चा ३ राहिला. १ चा संकेत ०११०००१, त्यात एक तीन वेळा, जादा बिट १ लागला अन् १ चा झाला अधिक-उणे. असे ०, ३, ५, ६, ९ सुखरूप येते अन् १, २, ४, ७, ८ बिघडते. स्क्रीन पाहूनच ओळखता येते, मीटर लावाचं काम नाही. सेटिंग बदललं, दोन मिनिटाचं काम. बिचारे ड्रायव्हर फुकटचे बदनाम.

वरुडहून

वा, भाऊ. हा दाखला कोणत्याही व्याख्येपेक्षा सरस. मी त्याला एक जोड देतो. समोरच्या यंत्राचा बॉड माहीतच नसेल तर त्याच्याकडून कॅपिटल 'यू' पाठवता येतो का पाहा. त्याचा संकेत ०१०१०१०१. खालचा बिट आधी निघतो, पुढे स्टार्ट, मागे स्टॉप, असं मिळून तारेवर एक-शून्य-एक-शून्य अशी सलग चौकोनी लाट दिसते. ऑसिलोस्कोपवर एका पायरीची रुंदी मोजा. १०४ मायक्रोसेकंद असली तर ९६००, ४१७ असली तर २४००.

आर्वीहून

हे प्रात्यक्षिकाला घेते. आणि 'ओव्हररन'? माझी मुलं 'ओव्हरफ्लो' आणि 'ओव्हररन' एकच समजतात.

वरुडहून

'अक्षर तुडवलं' म्हणतो मी. रजिस्टरमधलं अक्षर उचललं नाही तोच पुढचं आलं. ९६०० ला साधारण दर मिलिसेकंदाला एक अक्षर येतं. आर्डुइनो बोर्डात मागे ६४ अक्षरांची जागा असते, ती सुमारे ६७ मिलिसेकंदांत भरते. ती भरून पुढची अक्षरं सांडली तर तो ओव्हरफ्लो. पोरं प्रोग्राममध्ये अर्ध्या सेकंदाचा डिले टाकतात आणि मग मॉड्यूलचं उत्तर अर्धंच आलं म्हणून मॉड्यूललाच शिव्या देतात.

पुसदहून

'तुडवलं' छान आहे, परीक्षेत मात्र 'ओव्हररन'च लिहायला सांगा. तपासणारा दुसऱ्या जिल्ह्यातला असतो.

आर्वीहून

मग फळ्यावर असं लिहिते : 'बॉड दर : तारेवरची अवस्था सेकंदाला जास्तीत जास्त किती वेळा बदलू शकते तो आकडा. दोन्ही टोकांना सारखा ठेवावा.' खाली ९६० चं गणित. 'वेग' शब्द नोट्समधून काढते.

मोर्शीहून

उशिरा आलो. मॅडमच्या व्याख्येत 'दोन्ही टोकांना' आहे, पण आरएस-४८५ वर, म्हणजे एकाच तारांच्या जोडीवर अनेक यंत्रं जोडायच्या पद्धतीत, दोनच टोकं नसतात. एका जोडीवर बत्तीस यंत्रं लावता येतात. आमच्या विहिरीवरच्या पॅनेलपासून घरापर्यंत तीच पिळाची जोडी टाकली आहे. 'जोडलेल्या सगळ्या यंत्रांना सारखा' म्हणा. आणि दर्यापूरचे भाऊ, एक विचारायचं होतं : मीटरवर ए आणि बी लिहिलंय, कन्व्हर्टरवरही ए आणि बी लिहिलंय, ए ला ए जोडलं, बॉड सारखा, पॅरिटी सारखी, तरी मीटर उत्तर देत नाही.

दर्यापूरहून

दोन्ही वायर उलटून पाहा. सगळ्या कंपन्या ए अन् बी एकसारखं नाही लिहीत, एकाचा ए दुसऱ्याचा बी निघते. उलट लावली म्हणून जळत काही नाही. तरी नाही बोललं तं मीटरचा पत्ता क्रमांक पाहा, दोन मीटरले एकच पत्ता देऊन ठेवला असन.