घरट्यांचा आकडा दुप्पट झाला, म्हणजे कासवं वाढली का?

वाळूवही (प्रश्न):
कासवांच्या विणीवर लक्ष ठेवणाऱ्या एका गटाची आकडेवारी सध्या माझ्याकडे आली आहे. किनारा एकच, कासवं ऑलिव्ह रिडले जातीची. एका वर्षी घरटी अचानक दुपटीच्या वर गेली आणि पुढच्याच वर्षी निम्म्याहून खाली आली. आधी सगळे हवेत होते, मग सगळ्यांचे चेहरे पडले. आता मोठं वर्ष धरून अहवालात ‘संवर्धनाला यश’ असं लिहा म्हणतायत. किती वर्षांच्या नोंदी असल्या की असं लिहिता येतं? आणि कासवांना टॅग (ओळखक्रमांकाचे बिल्ले) लावलेले नसतील तर नुसत्या घरट्यांच्या आकड्याला काही अर्थ असतो का?

रात्रपाळी:
ते वाक्य तूर्तास खोडा. घरटं मोजलं म्हणजे कासव मोजलं असं होत नाही. एकच मादी एका हंगामात दोनतीनदा अंडी घालू शकते आणि नंतर वर्ष-दोन वर्षं फिरकतही नाही. हिरवं कासव या दुसऱ्या जातीत हा खंड बहुधा दोन ते चार वर्षांचा. समुद्रात खायला किती मिळालं, अंगात किती साठा झाला, यावर तिचं येणं अवलंबून. त्यामुळे बऱ्याच जणी एकाच वर्षी येतात आणि पुढल्या वर्षी किनारा ओस पडतो. समुद्रातली कासवं मात्र तेवढीच असतात.

किती वर्षं, याचं उत्तर मेक्सिकोतल्या रांचो नुएवोला जाऊन बघा. तिथं केम्प्स रिडले जातीची कासवं दिवसाढवळ्या झुंडीनं अंडी घालतात. 1947 च्या एका चित्रफितीवरून एका दिवसात सुमारे 40,000 माद्या आल्या असाव्यात असा अंदाज बांधला गेला. 1966 पासून किनाऱ्यावर पहारा बसला. तरीही घरटी घटतच राहिली, आणि 1985 च्या अख्ख्या हंगामात जेमतेम 702 भरली. म्हणजे दहा वर्षांनी कुणी अहवाल लिहिला असता तर ‘पहारा निरुपयोगी’ असंच लिहून मोकळा झाला असता! मोठी कासवं कोळंबीसाठी बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांत बुडून मरत होती. जाळ्याला कासव निसटायची वाट ठेवणं सक्तीचं झालं आणि आधी वाचवलेली पिल्लंही वयात आली, तेव्हा कुठे आकडा उचलला. 2009 मध्ये घरटी 20 हजारांच्या वर गेली, पुढच्याच वर्षी पुन्हा आपटली. हिरवं कासव वयात यायला तर पंचवीस वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. कोस्टा रिकातल्या तोर्तुगेरो किनाऱ्यावर कासवांचा अभ्यासक आर्ची कारनं 1955 पासून टॅगिंग सुरू केलं, ते उगाच इतकी दशकं चाललेलं नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्याकडे रिकाम्या फेऱ्या लिहिलेल्या आहेत का? किती किलोमीटर चाललात, किती वाजता, आणि काहीच मिळालं नाही, हे? ते नसेल तर मोठ्या वर्षी कासवं जास्त आली की माणसं जास्त चालली, हे कुणीच सांगू शकणार नाही. अंडी न घालता परतलेल्या मादीचा मागही वेगळा लिहायचा. ऑलिव्ह रिडलेच्या वल्ह्यांचे (म्हणजे वल्ह्यासारख्या पायांचे) ठसे डावा-उजवा असे आलटूनपालटून पडतात, हिरव्या कासवाचे जोडीनं समोरासमोर. नवख्याला हे दोन्ही माग पहाटेच्या तिरप्या उजेडात एकदा दाखवून ठेवा. दुपारपर्यंत वाऱ्यानं कडा ढासळतात आणि मग जो तो आपापलं कासव ओळखतो.

खारावारा:
टॅगबद्दल दोन शब्द. टॅग नसले तरी कल कळतो, पण मादी किती वर्षांनी परतते आणि कुठे जाते, ते टॅगशिवाय कळणं कठीण. 2021 मध्ये ओडिशात टॅग लावलेली ऑलिव्ह रिडले 2025 च्या जानेवारीत थेट गुहागरला अंडी घालताना दिसली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं एकमेकांकडे जात नाहीत असं धरून चालणाऱ्यांना तो चांगलाच धक्का होता. मात्र धातूचे टॅग झिजतात, गळून पडतात. म्हणून दोन्ही वल्ह्यांना लावतात. न शिकता हे काम करू नका, आणि परवानगीशिवाय तर नाहीच.

उबदार_वाळू:
अहवालात ‘इतकी पिल्लं सोडली’ हा आकडा ठळक छापणार असाल तर हॅचरीतल्या, म्हणजे अंडी हलवून जिथं उबवतात त्या कुंपणातल्या, वाळूचं तापमानही छापा. पिल्लू नर की मादी हे उबवणीच्या मधल्या टप्प्यातल्या तापमानावर ठरतं. साधारण 29 अंशांच्या आसपास पारडं फिरतं, त्याच्या वर गेलं की माद्याच जास्त. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या किनाऱ्यांवर जन्मलेल्या, अजून वयात न आलेल्या हिरव्या कासवांत 99 टक्क्यांहून जास्त माद्या निघाल्याचं 2018 मध्ये प्रसिद्ध झालं. सावली नसलेल्या हॅचरीतून हजारो पिल्लं सोडूनही नर मिळतीलच असं नाही. शिवाय अंडी हलवायची तर घातल्यापासून दोनतीन तासांत आणि न फिरवता. नंतर भ्रूण कवचाला चिकटतो, अंडं उलटं झालं तर मरतो.

वाळूवही:
वाक्य खोडलं. रिकाम्या रात्रींची नोंद कुठेच नाही, पण गस्तीला कोण कधी गेलं त्याची हजेरीवही आहे. भत्त्याच्या हिशोबासाठी ठेवलेली.

रात्रपाळी:
मग काम झालं की! हजेरीवरून रात्री मोजा, ठरलेल्या पट्ट्याची लांबी धरा, आणि दर फेरीमागे किती घरटी मिळाली ते वर्षवार काढा. एकटादुकटा गेलेल्या रात्री वेगळ्या ठेवा. आणि ती वही हिशोबनीसाकडून आजच मागून घ्या, वर्ष संपलं की असल्या वह्या रद्दीत जातात.