घरी कॉफी भाजायला कोणता रोस्टर घ्यावा? (पुणे, चौथा मजला)

मंडळी, मदत हवी आहे.

चिकमगळूरहून ओळखीतून अरॅबिकाच्या कच्च्या बिया येतात, प्लँटेशन ए (धुतलेल्या अरॅबिकाची मोठ्या दाण्यांची प्रत) ग्रेडच्या. सध्या लोखंडी कढईत भाजतोय. हात जरा थांबला की बीचा एक गाल करपतो आणि फोडून पाहावं तर आतून फिकट. कढई पुरे झाली, आता यंत्र हवंय.

आई-बाबांना फिल्टर कॉफी लागते, चिकोरी घातलेली, कडक. मला बिनदुधाची, मध्यम भाजलेली. आठवड्याला पाव किलो उडते. भाजताना वजन १५-१८ टक्के घटतं, म्हणजे ३०० ग्रॅम कच्च्या बिया मावल्या तर एका घाण्यात काम होईल.

गरम हवेवर चालणारे फ्रेश रोस्टसारखे रोस्टर बघितले. बिया हवेवर नाचत राहतात, त्यामुळे एकसारख्या भाजतात, फोलपटही वेगळं जमा होतं. पण छोट्या मॉडेलमध्ये एका वेळी जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम. जीन कॅफे नावाच्या कोरियन रोस्टरमध्ये बरोब्बर ३०० ग्रॅम मावतात आणि काचेच्या ड्रममधून रंग दिसतो, फक्त किंमत ऐकून घरात कोणी बोलेना. शिवाय बिया त्याच गरम ड्रममध्ये गार करायच्या, म्हणजे तोवर त्या भाजतच राहणार ना? अमेरिकेतला चुलतभाऊ बेहमोर हा रोस्टर आणायला तयार आहे, पण ते १२० व्होल्टचं. स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा) ट्रान्सफॉर्मर लावून चालेल का? शेवटचा पर्याय गॅसवर फिरवायचा जाळीचा ड्रम. स्वस्त आणि मस्त, पण धूर?

धुराचं एवढ्यासाठी विचारतोय की आमची बाल्कनी शेजारच्या काकूंच्या कपड्यांच्या दोरीला लागून आहे. मागे फोलपटं उडून त्यांच्या पांढऱ्या चादरीवर जाऊन बसली. काकू काही बोलल्या नाहीत, चादर तेवढी आमच्या बाजूला तोंड करून झटकली.

जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

ट्रान्सफॉर्मरच्या फंदात पडू नका. बेहमोर १६०० वॅटच्या आसपास ओढतं, त्याला दोन हजार व्हीएच्या (ट्रान्सफॉर्मरची क्षमता) वरचा धोंडा घ्यावा लागेल. तो व्होल्टेज बदलेल, विजेची वारंवारता म्हणजे हर्ट्‌झ नाही. ६० हर्ट्‌झची मोटर आपल्या ५० च्या विजेवर हळू फिरली की वेळेचं गणित बिघडलंच.

तुमच्या जागी मी गॅसवरचा ड्रम घेईन आणि वाचलेल्या पैशांतून गार करायची सोय करीन. मोठी स्टीलची चाळणी, खालून टेबल फॅन. चारेक मिनिटांत बिया हाताला सोसवल्या पाहिजेत. फोलपट इथेच उडतं, तेव्हा हे काम बाल्कनीत नको, बाथरूममध्ये करा. पहिली तडतड (भाजताना बिया फुटल्याचा पहिला आवाज; आणखी भाजलं की दुसरी) कानांनी ऐकू येणं महत्त्वाचं, आणि मोटरच्या घरघरीत नेमकी तीच हरवते.

धूर खरा वाढतो तो दुसऱ्या तडतडीपासून. आई-बाबांच्या बियाही त्याच्या उंबरठ्यावर काढा, कडवटपणाचं चिकोरी बघून घेईल. दळायच्या आधी दोन दिवस मुरू द्या. चिमणी डक्टवाली आहे का? नुसती कोळशाच्या फिल्टरची असेल तर धूर घरातच फिरेल.

धागाकर्ता

बाथरूम! हे सुचलंच नव्हतं. चिमणी डक्टवालीच आहे, पण डक्टचं तोंड नेमकं काकूंच्या खिडकीकडे. संध्याकाळी त्या फिरायला जातात, तेव्हाच भाजावं म्हणतो. आता एवढंच सांगा, ३०० ग्रॅमच्या घाण्याला हाताने फिरवायचा ड्रम पुरे, की सावकाश फिरणारी छोटी मोटर लावून घ्यावी?