डोंगरातल्या स्नोमोबाईलवर १५०० डॉलरमध्ये काय काय करता येईल?

धंतोली_ते_कॅलगरी:
मंडळी, बाहेर नवतपा चालू आहे आणि मी कूलरसमोर बसून बर्फावरच्या गाडीचं विचारतोय, हसा पण उत्तर द्या. कॅलगरीला नोकरी, सध्या सुट्टीवर घरी आलोय. तिकडे सेकंडहँड स्की-डू समिट घेतली आहे, २०१४चं मॉडेल, ८००आर ई-टेक इंजिन, १५४ इंची ट्रॅक (खाली फिरणारा दातेरी रबरी पट्टा). ब्रिटिश कोलंबियातल्या (बीसी) रेव्हलस्टोकच्या डोंगरांत नेतो. खाली पार्किंगपाशी झक्कास पळते पण २००० मीटरच्या वर खोल बर्फात चढ आला की दमते, फुल थ्रॉटल दिला तरी आरपीएम ७५००च्या पुढे जात नाही. एक मित्र म्हणतो सायलेन्सर बदल, दुसरा म्हणतो टर्बो बसव (त्याच्या खिशातून थोडीच जाणार आहेत). बजेट १५०० कॅनेडियन डॉलर, त्याच्यावर एक रुपया नाही. सुरुवात कुठून करू?

महाल_गॅरेजवाला:
भाऊ, बर्फ मी फक्त रसवंतीवर पाह्यला, पण तुह्या गाडीत गिअर नाही, बेल्ट आन् दोन पुल्याच आहेत ना? मंग थे आपल्या ॲक्टिव्हाचंच काम झालं. व्हेरिएटरमधले (पुढच्या पुलीतले) रोलर जड असले का इंजिन दबून राह्यते, हलके टाकले का आरपीएम चढते. तू वर गेला, हवा पातळ झाली, इंजिनची ताकद घटली, पण क्लचमधलं वजन तेवढंच हाय, आता थे इंजिनले दाबूनच धरणार. सायलेन्सरले काहून पैसे घालून राह्यला बे? पह्यले बेल्ट काढून पाय, घासून अरुंद झाला असन तर बाकी काई करून फायदा नाही.

बर्फातला_वऱ्हाडी:
महालवाले भाऊ, न पाहता बरोबर पकडलं 🙏 मी बीसीतच असतो, तर सविस्तर लिहितो. दर १००० फुटांना साधारण ३ टक्के ताकद जाते, म्हणजे ७००० फुटांवर पाचवा हिस्सा गेलाच, इंजेक्शन असलं तरी, कारण ते पेट्रोल मोजून देतं, हवा कुठून आणणार. तुझ्या इंजिनची पूर्ण ताकद ८०००च्या आसपास मिळते, तू ७५००ला अडकलास म्हणजे उरलेली ताकदही वापरत नाहीयेस. पुढच्या क्लचवर, म्हणजे इंजिनाकडच्या पुलीवर, तीन क्लिकर (आरपीएम जुळवायचे स्क्रू) असतात, प्रत्येकावर १ ते ६ नंबर, एक नंबर वाढवला की अंदाजे २०० आरपीएम वाढतात, खर्च शून्य. नट पूर्ण काढायचा नाही हं, आतले वॉशर पडतात, थोडा ढिला कर, स्क्रू जरा बाहेर ओढ आणि फिरव. तिन्ही एकाच नंबरवर पाहिजेत. आधीच ६वर असेल तर मग क्लचमधलं वजन कमी करायला हलक्या पिना घे, नाहीतर त्या उंचीसाठी जुळवलेलं क्लच किट, साधारण ३०० ते ५०० डॉलर. आणि नवा बेल्ट घेतलास तर जुना फेकू नको, स्पेअर म्हणून गाडीत ठेव.
चढावर नाक उचलत असेल तर सस्पेन्शनचा पुढचा लिमिटर पट्टा एक भोक आखूड कर, तेही फुकट. ट्रॅकचे दात झिजलेत का ते बघ, गुळगुळीत ट्रॅक खोल बर्फात नुसता फिरत राहतो. सायलेन्सरने चार-पाच किलो वजन कमी होईल आणि आवाज वाढेल, ताकदीत फरक जवळजवळ नाहीच. टर्बोला काही हजार लागतात, जुन्या इंजिनवर तर मी लावणारच नाही.

धंतोली_ते_कॅलगरी:
हे आधी कोणी सांगितलं असतं तर! क्लिकर वाढवून खाली आलो तर इंजिनला त्रास होईल का? आणि पार्किंगपासून वर जाणारा रस्ता कडक असतो, तिथे टेंपरेचरचा लाईट लागतो, ते वेगळंच काही आहे का?

बर्फातला_वऱ्हाडी:
खाली आरपीएम ८०००च्या बरेच वर जात असतील तर एक नंबर उतरव, नुसतं तेवढ्या रस्त्यापुरतं असेल तर फुल थ्रॉटल देऊ नको. गरम होतं त्याचं कारण सोपं आहे, ट्रॅकने उडवलेला बर्फ त्याच्या वरच्या कूलरवर (इंजिनचं पाणी थंड करणारा भाग) पडतो आणि त्यानेच इंजिन थंड राहतं, कडक रस्त्यावर बर्फ उडतच नाही. स्क्रॅचर लाव, स्प्रिंगसारख्या दोन तारा असतात, बर्फ खरवडून वर फेकतात, शंभरेक डॉलरमध्ये येतात. रिव्हर्स घेताना वर उचलून अडकवायच्या, नाहीतर वाकतात.

सदर_बाजार_ट्रेकर:
गाडीचं झालं, आता माणसाचं विचारतो. बीकन (बर्फाखाली गाडलेला माणूस शोधायचं सिग्नल यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं आहे का तुझ्याकडे? नसेल तर १५००मधले पहिले पैसे तिकडे. बीकन तीन अँटेनावाला डिजिटल घे, अंगाला बांध, आणि मोबाईल त्याच्यापासून लांब ठेव, सिग्नलमध्ये गडबड होते. फावडं गाडीच्या मागे नाही, पाठीवरच्या बॅगेत. हिमस्खलनात गाडी एकीकडे आणि तू दुसरीकडे जाणार. निघायच्या दिवशी सकाळी ॲव्हलांच कॅनडा या संस्थेचं हिमस्खलनाच्या धोक्याचं बुलेटिन वाच.

महाल_गॅरेजवाला:
भाऊ, जुना बेल्ट फोटो काढून टाक ना इथं, पाहू तं कसा असते थो.