ग्राफिक कार्ड ६० टक्क्यांवरच, एफपीएस वाढंना: अडतंय कुठं?

परभणीकर_१०८०
प्रोसेसर (सीपीयू) रायझेन ५ ५६०० (सोबत आलेलाच कूलर), ग्राफिक कार्ड आरटीएक्स ३०६० १२ जीबी, रॅम डीडीआर४ ३२०० ची १६ जीबीची एकच स्टिक, बी४५० बोर्ड. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झ. सायबरपंक २०७७ या गेममध्ये गर्दीच्या चौकात कार्डाचा वापर ६० टक्के, सीपीयू ४५ टक्के, एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) ७०. वीसेक मिनिटांनी तेच ५० वर येतं अन् झटके बसायलेत. दुकानदार म्हणतो कार्ड बदला. दोन्हीपैकी एकही पूर्ण भरंना, मग अडतंय कुठं?

लातूर_बेंच
कार्ड बदलू नका. कार्ड अडवत असतं तर त्याचा वापर ९७-९९ वर चिकटून बसला असता. ६० म्हणजे कार्ड मोकळं बसलंय, मागून काम येईना. सीपीयूच्या ४५ वरही जाऊ नका: ५६०० ला १२ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे), त्यातला एक पूर्ण भरला तरी एकूण आकडा जेमतेम ८ नं वाढतो. गेमचा मुख्य थ्रेड एकच, तो तटला की सगळंच तटतं.

आधी व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या हर्ट्झला बांधणारी सेटिंग) आणि एफपीएस लिमिट बंद करा. मग त्याच चौकात, त्याच वेळी, रिझोल्यूशन ७२०पी करा. एफपीएस चांगले चढले तर कार्ड कमी पडतंय. हलले नाहीत तर सीपीयू किंवा रॅम.

आणि तुमची दुखणी दोन आहेत, एक नाही. सुरुवातीपासून कमी हे एक, वीस मिनिटांनी कमी हे दुसरं. एचडब्ल्यूइन्फो (तापमान अन् वेग दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून दुसऱ्या आणि पंचविसाव्या मिनिटाला सीपीयूचं तापमान, कोअर क्लॉक (सीपीयूचा वेग) आणि मेमरी क्लॉक (रॅमचा) लिहून घ्या.

वसमत_रोड
व्होल्टेज बघा आधी. संध्याकाळी १८० च्या खाली जातं आपल्याकडं.

लातूर_बेंच
त्यानं पीसी बंद पडेल नाहीतर रिस्टार्ट होईल भाऊ, एफपीएस हळूहळू उतरणार नाहीत. एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) १२ व्होल्ट एकतर धरून ठेवतो, नाहीतर सोडून देतो. स्टॅबिलायझर लावा, पण या दुखण्यासाठी नको.

परभणीकर_१०८०
७२०पी ला ७० चे ७१ झाले. मेमरी क्लॉक १०६६. दुसऱ्या मिनिटाला सीपीयू ७८ अंश, ४.४ गिगाहर्ट्झ, पंचविसाव्याला ९० अंश, ३.६. कार्ड ७१ अंशांवर निवांत.

नांदेड_डीआयएमएम
सापडलं की पहिलं. डीडीआर रॅमचा वेग क्लॉकच्या दुप्पट धरतात: १०६६ ची दुप्पट २१३३, म्हणजे ३२०० ची रॅम विकत घेऊन २१३३ वर पळवायलात. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील वेगानं चालवायची सेटिंग, चालू नाही (काही बोर्डांवर नाव डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी). त्यात स्टिक एकच, म्हणून सिंगल चॅनेल (रॅम ते सीपीयू वाट एकच). आत्ता रॅममधून सेकंदाला १७ जीबी मिळतात. ३२०० वर दोन स्टिक लावल्या तर ५१. सरळ तिप्पट.

तशीच दुसरी स्टिक घ्या, ३२०० सीएल१६ (सीएल म्हणजे रॅम उत्तर द्यायला किती थांबते तो आकडा) असेल तर सीएल१६ च. चार स्लॉट असतील तर सीपीयूकडून मोजून दुसरा आणि चौथा. शेजारशेजारच्या दोन स्लॉटमध्ये घातल्या तर बहुतेक बोर्डांवर चॅनेल एकच राहतं, अन् माणूस म्हणतो रॅम वाढवूनही फरक नाही! एक्सएमपीनंतर डिस्प्ले आला नाही तर घाबरू नका, सीएमओएस क्लिअर करून (बायोसच्या सेटिंग पुसून) २९३३ वर लावून बघा.

लातूर_बेंच
दुसरं उष्णतेचं. ५६०० ची मर्यादाच ९० अंश, तिथं पोचला की तो स्वतःच क्लॉक पाडतो. खोली ३० ची ४२ झाली की सीपीयूही साधारण तेवढाच वर जातो, म्हणून जानेवारीत नीट चालणारा पीसी मे महिन्यात अडकतो.

कॅबिनेटची बाजूची काच काढून तोच गेम २५ मिनिटं चालवा. ८-१० अंश उतरले तर कॅबिनेटला वारा मिळेना: पुढची जाळी साफ करा, पुढं आत ओढणारा फॅन लावा. दोन-तीनच उतरले तर धूळ किंवा पेस्ट (सीपीयू अन् कूलरच्या मधला उष्णता वाहणारा लेप). ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटानं धरा, मोकळा फिरला तर बेअरिंग जातं.

खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. बोअरचं पाणी जड, तुषार उडाले की हीटसिंकवर पांढरा थर धरतो.

पेस्ट बदलायची असेल तर एएम४ चा (तुमच्या सीपीयूच्या सॉकेटचा) कूलर थंड असताना सरळ वर ओढू नका. वाळलेल्या पेस्टसोबत प्रोसेसरही सॉकेटमधून उपसून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं गेम चालवा, पीसी बंद करून वायर काढा, कूलर डावी-उजवीकडं हळू पिळून सैल करा, मगच उचला. नवी पेस्ट वाटाण्याएवढी.

परभणीकर_१०८०
काच काढून ९० चे ८१ झाले, क्लॉक ४.३ वर टिकलं. फॅन आणि स्टिक दोन्ही मागवतो. स्लॉट दुसरा अन् चौथा, लिहून घेतलं.