काँक्रीटच्या भिंतीवर काय पक्कं बसलं, काय निखळलं? तुमचे अनुभव लिहा

आमची पुस्तकांची फळी रात्री पडली. खाली कुणी झोपलेलं नव्हतं म्हणून निभावलं. सकाळी उजेडात पाहिलं तर फळी धड, स्क्रू धड, आणि प्लास्टिकचे चारही वॉल प्लग (भोकात ठोकून ज्यांत स्क्रू घालतात त्या नळ्या) जसे ठोकले होते तसे अख्खे बाहेर आलेले. त्यांच्या खाचांत पिठासारखी बारीक धूळ गच्च बसली होती. तेव्हा कळलं, मी भोक पाडलं आणि आतली धूळ तशीच ठेवून प्लग ठोकला होता. पकडायला त्याला भिंत मिळालीच नाही. दुसऱ्या खेपेला चष्मा लावून, बाटली धुवायच्या बारीक ब्रशने भोक घासलं, सायकलच्या पंपाने हवा मारली, पुन्हा घासलं. मग प्लग हाताने आत जाईना, हातोडीच घ्यावी लागली. फळी अजून जागची हललेली नाही.

भिंत कशी होती, बिट (ड्रिलची भोक पाडणारी सळी) कितीचं होतं, चूक नेमकी कुठे झाली, सगळं लिहा. बारीकसारीक तपशीलच दुसऱ्याच्या कामी येतो.

*

माझी चूक बिटाची. प्लग 6 मिलिमीटरचा, आणि हाताशी होतं 8चं बिट. प्लग भोकात गरगर फिरायला लागला, म्हणून काडेपेटीच्या काड्या कोंबून स्क्रू आवळला. पडद्याचा दांडा थोड्याच दिवसांत एका बाजूने उतरला. शेवटी त्याच भोकात 8चा प्लग आणि त्याला साजेसा जाड स्क्रू घातला.

*

प्लास्टर धरून हिशेब करा. आमच्याकडे ते जवळजवळ 20 मिलिमीटर जाड निघालं आणि माझा स्क्रू होता 25चा! म्हणजे सगळा भार प्लास्टरवरच. आता मी ड्रिलच्या आवाजाकडे लक्ष देते. प्लास्टरमध्ये बिट भराभर जातं, काँक्रीट लागलं की वेग पडतो आणि आवाज भरीव होतो. तिथून पुढे प्लग पुरता आत बसायला हवा. खोली कळावी म्हणून बिटाला रंगीत चिकटपट्टी गुंडाळते, प्लास्टरची जाडी आणि प्लगची लांबी मिळून जेवढं होतं त्यापेक्षा 10 मिलिमीटर पुढे.

*

स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका. वायरिंग बहुधा तिथूनच गेलेलं असतं. मी घड्याळासाठी पाडलं आणि घरभर अंधार झाला. जिवावरचं थोडक्यात निभावलं.

*

बिट मध्येच अडलं आणि पुढे जाईना, तर जोर लावू नका, ती सळई असू शकते. मी जोर लावत बसलो आणि बिटाचं टोक जाळलं. चार सेंटिमीटर सरकून दुसरं भोक घेतलं, ते सहज पडलं. तुळई आणि खांबातल्या सळ्या घराचा भार पेलतात, त्या कापायच्या नसतातच.

*

आमची भिंत काँक्रीटची नव्हतीच. पूड राखाडी पांढरी, हलकी, आणि बिट विनासायास आत. हलके, सच्छिद्र ब्लॉक होते. त्यात ड्रिलचा हॅमर (ठोके देत फिरण्याची सोय) चालू ठेवला की भोक पसरट होतं. हॅमर बंद करून, तशा ब्लॉकसाठीच मिळणारे लांब नायलॉन प्लग वापरले, तेव्हा कुठे टीव्हीचा स्टँड बसला.

*

प्लास्टिकचे प्लग यायच्या आधी वडील छिन्नीने चौकोनी भोक पाडून लाकडाची खुंटी ठोकायचे. लाकूड सुकलं की ती सैल व्हायची. कारागीर ज्याला रावल प्लग म्हणतात ते नाव जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांच्यावरून आलं. 1911च्या सुमाराचा त्यांचा पहिला प्लग ज्यूटच्या तंतूंचा होता. स्क्रू आत गेला की प्लग फुगून भिंतीला दाबतो, हे तत्त्व आजही तेच.

*

आईसाठी बाथरूममध्ये धरायचा दांडा लावला. टाइलवर मास्किंग टेप चिकटवली, टाइल पार होईपर्यंत हॅमर बंद ठेवला, मग चालू केला. इथे प्लास्टिकवर भरवसा ठेवला नाही, लोखंडी अँकर फास्टनर (नट आवळला की भोकात फुगणारे बोल्ट) घेतले. पहिला कोपऱ्याच्या कडेजवळ घेतला होता, तर आवळताना तिथलं काँक्रीट फुटलं, कारण फास्टनर फुगताना बाजूला रेटतो. आत सरकून नव्याने घेतला. आईला हात लावू देण्याआधी मी स्वतः दोन्ही हातांनी दांड्याला लोंबकळलो. दर काही महिन्यांनी पाना घेऊन नट तपासतो. मागच्या खेपेला एक नट अर्धा फेरा फिरला.